गोष्टीतली मुलगी चाळिशीची झाली, की तिला ओळखायचे कसे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहात. ‘ॲलिस इन वंडरलँड’मधली ॲलिस, ‘पीटर पॅन’मधली वेंडी आणि ‘द विझार्ड ऑफ ओझ’मधली डोरोथी या तिघी चाळिशीत एकमेकींना भेटतात, अशी ९६ पानांची मराठी चित्रकादंबरी आपण करू पाहत आहात. पहिली बारा पाने पाहून मित्रांनी ‘या बायका वेशभूषा स्पर्धेला निघाल्यासारख्या दिसतात’ असे म्हटले आणि ते आपल्याला लागले. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: या पात्रांसाठी कोणाची परवानगी लागते का, निळा झगा काढून घेतला तर वाचक ॲलिसला कशावरून ओळखेल, आणि चेहऱ्यावर वय दाखवायचे कसे.

मी गेली बावीस वर्षे चित्रकथांची पाने रेखाटते आणि त्यांतली शेवटची काही वर्षे इतरांच्या संहिताही तपासते. त्या अनुभवावरून सांगते, की आपल्या मित्रांना जे खटकले ते चित्रातले नाही. ती मुलगी आणि ही बाई यांच्या मधली तीस-पस्तीस वर्षे कशी गेली हे अजून आपल्यालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेली वर्षे कितीही चांगला हात असला तरी कागदावर उतरत नाहीत. म्हणून मी आपले तिन्ही प्रश्न घेईन, पण त्याच क्रमाने आणि सारख्याच विस्ताराने घेणार नाही.

परवानगीचे आधी उरकू, कारण ते तुलनेने सोपे आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट राहतो. ॲलिसचे लेखक लुईस कॅरोल १८९८ मध्ये गेले, डोरोथीचे एल. फ्रँक बाम १९१९ मध्ये आणि वेंडीचे जे. एम. बॅरी १९३७ मध्ये. त्यामुळे त्यांची मूळ पुस्तके आपल्याला मोकळी आहेत. ॲलिसची मूळ चित्रे काढणारे जॉन टेनिएल १९१४ मध्ये आणि ओझच्या पहिल्या पुस्तकाचे चित्रकार डेन्सलो १९१५ मध्ये वारले, म्हणजे त्यांची रेखाटनेही मोकळी आहेत. पुस्तक परदेशात विकायचे असेल तर मात्र तिथला कायदा पाहावा लागतो. बॅरी यांनी १९२९ मध्ये पीटर पॅनचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयाला दिले होते आणि ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यातील एका खास तरतुदीने त्या रुग्णालयाला आजही स्वामित्वधन मिळते. तिथे पुस्तक काढण्याची वेळ आली तर जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

धोका पुस्तकात नसून चित्रपटात आहे. डोरोथीचे लाल माणकांचे बूट ओझवरच्या १९३९ च्या चित्रपटातले आहेत. बाम यांच्या १९०० च्या पुस्तकात ते चांदीचे आहेत. १९८५ मध्ये डिस्नेसारख्या कंपनीनेही ओझवरच्या आपल्या चित्रपटात ते लाल बूट वापरण्यासाठी हक्कदारांना पैसे मोजले होते. ॲलिसचा फिका निळा झगा आपल्या मनात इतका घट्ट बसला तो मुख्यतः १९५१ च्या डिस्ने चित्रपटामुळे. कॅरोल यांच्या पुस्तकातली टेनिएल यांची चित्रे काळी-पांढरी होती, आणि १८९० मध्ये लहान मुलांसाठी रंगीत आवृत्ती निघाली तेव्हा ॲलिसचा झगा पिवळा होता. म्हणजे जो निळा रंग काढून घेतला तर ॲलिस उरणार नाही अशी आपल्याला भीती वाटते, तो मुळात तिचा नव्हताच. त्या रंगावाचून वाचकांनी तिला अनेक वर्षे ओळखले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. नायिकेला मोठे करताना बहुतेक नवे चित्रकार दोनपैकी एक वाट धरतात. एकात तिच्या हातात हत्यार येते, दुसऱ्यात तिच्या अंगावरचे कपडे कमी होतात. दुसऱ्या वाटेबद्दल मी स्पष्टच बोलते: ज्या पात्राला वाचक सात वर्षांची मुलगी म्हणून ओळखतो, त्याचे मोठेपण उघड्या अंगाने दाखवणे मला मान्य नाही. शिवाय तसे केल्याने पात्राविषयी नवे काही कळतही नाही. पहिली वाट मी स्वतः चालून पाहिली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी लाल टोपीवालीवर २४ पानांची कथा केली होती. ती पस्तिशीची, अंगात लाल कोट, हातात कुऱ्हाड, रानात लांडग्यांच्या मागावर. शाईकाम चांगले झाले होते. ज्या संपादकांना ती दाखवली त्यांनी सगळी पाने शांतपणे पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, ‘कोट काढला तर ही कोण?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्या जागी कोणीही चालली असती.

मग मी मूळ गोष्टींकडे परत गेले. फ्रेंच लेखक पेरो यांच्या १६९७ च्या कथेत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला पोटातून काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या कथेत येतो. दोन्हींत समान काय, तर ती मुलगी सगळे पाहते. कान मोठे आहेत, डोळे मोठे आहेत, दात किंवा तोंड मोठे आहे, हे एकेक करून ती मोठ्याने बोलून दाखवते आणि तरीही जागची हलत नाही, कारण समोर आजी आहे असे तिला सांगितलेले असते. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा सांगितलेल्यावर तिचा विश्वास जास्त. हे वाचताना मला माझी पस्तिशीतली बाई सापडली. माणसांचे हात, कान, दात ही बाई आजही आधी टिपते आणि आपण टिपलेल्यावर विश्वास ठेवायला तिला आजही वेळ लागतो. दुसऱ्या वेळी मी कुऱ्हाड काढून टाकली, कोट राखाडी केला आणि तिच्या नजरेतून दिसणाऱ्या बारीक तपशिलांच्या चौकटी वाढवल्या. कोणाचे नख, कोणाची घड्याळाची पट्टी, कोणाचा ओठांच्या कोपऱ्यातला दात. ती कथा छापली गेली, आणि लाल रंग कुठेही नसताना वाचकांनी तिला चौथ्या पानावर ओळखले.

म्हणून माझी पहिली सूचना अशी: चित्रे बाजूला ठेवा आणि मूळ पुस्तके पुन्हा वाचा. सारांश नको, लहान मुलांसाठीचे संक्षेपही नकोत. आपण ज्या तिघी निवडल्या आहेत त्यांच्या बाबतीत आपले भाग्य असे, की त्यांच्या मोठेपणाच्या खुणा मूळ लेखकांनीच ठेवलेल्या आहेत.

वेंडीचे पाहा. बॅरी यांच्या १९११ च्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण वेंडी मोठी झाल्यावरचेच आहे. ती लग्न झालेली, एका मुलीची आई आहे. मुलगी पलंगावर झोपलेली, वेंडी शेकोटीजवळ जमिनीवर बसून तिच्या उजेडात रफू करते आहे, आणि खिडकी उघडून कधीच मोठा न होणारा पीटर पॅन आत येतो. तो तसाच, दुधाच्या दातांचा. अंधुक उजेडात तिचे पांढरे कपडे त्याला जुन्या रात्रीच्या झग्यासारखे वाटतात आणि तिच्यात काही बदलले आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ती अंग चोरून, होईल तितकी लहान होऊन बसते. शेवटी ती दिवा मोठा करायला निघते तेव्हा कधी न घाबरणारा पीटर घाबरून ‘दिवा मोठा करू नकोस’ असे म्हणतो. ती करते, आणि मग त्याला दिसते.

चित्रकथेच्या दृष्टीने हे पान सोन्यासारखे आहे, म्हणून मी ते कसे मांडीन ते सांगते. उजव्या पानावर सहा सारख्या चौकटी, सगळ्या शेकोटीच्या उंचीवरून पाहिलेल्या, म्हणजे डोळा जमिनीजवळ. वेंडी प्रत्येक चौकटीत थोडी अधिक आक्रसलेली. काळ्या शाईचे मोठे पट्टे, आणि उजेड फक्त हातांवर व सुईवर. इथे तिचा चेहरा पूर्ण दाखवायचा नाही. पान उलटल्यावर एकच मोठी चौकट: दिवा मोठा झाला आहे, वेंडी उभी आहे आणि आपण तिला पीटरच्या उंचीवरून, खालून वर पाहतो आहोत. तिच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती काढण्याची गरज नाही. डोळा खाली ठेवल्यामुळे आणि आधीच्या सहा चौकटींत ती लहान झाल्यामुळे ती एकदम मोठी होते. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

याच प्रसंगात मराठीकडे असे एक साधन आहे जे मूळ इंग्रजीला मिळालेच नाही. पीटर वेंडीला ‘तू’ म्हणत आला आहे, ‘अगं’ म्हणत आला आहे. दिवा मोठा झाल्यावर तो काय म्हणेल? ‘तू’च म्हणत राहिला तर त्याने पाहिलेले नाकारले. ‘तुम्ही’ म्हणाला तर त्या एका शब्दात सगळी वर्षे येऊन पडतात. मी असते तर त्याला वाक्य सुरू करायला लावले असते आणि सर्वनामाशी अडवले असते. संवादाचा फुगा अर्धा रिकामा ठेवला असता. आपण हे पुस्तक मराठीत करत आहात ही या कामातली फार मोठी अनुकूलता आहे. संहिता लिहिताना कोण कोणाला केव्हा ‘तू’ म्हणते आणि केव्हा ‘तुम्ही’, याचा एक वेगळा कागद करा आणि तो भिंतीवर लावा.

ॲलिसच्या बाबतीतही तसेच आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तिची मोठी बहीण डोळे मिटून बसते आणि हीच ॲलिस मोठी बाई झाल्यावर इतर मुलांना गोष्टी सांगत असेल असे चित्र रंगवते. ते चित्र गोड आहे, पण बहिणीने रंगवलेले आहे, आणि प्रत्यक्षात ते खरे ठरले का, हा आपल्या कादंबरीचा प्रश्न होऊ शकतो. पण मला ॲलिसची सर्वांत मोलाची खूण वाटते ती पहिल्याच प्रकरणात आहे. ती एकटी असताना दोन माणसे असल्यासारखी बोलते, स्वतःला उत्तम सल्ले देते, क्वचितच पाळते, आणि कधी स्वतःला इतके रागावते की तिच्या डोळ्यांत पाणी येते. स्वतःशीच क्रोके हा चेंडूचा खेळ खेळताना फसवणूक केली म्हणून तिने एकदा स्वतःच्याच कानशिलात द्यायचा प्रयत्न केलेला आहे. सात वर्षांच्या मुलीत हे लोभस दिसते. बेचाळीस वर्षांची बाई पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत हेच करू लागली तर घरातले तिच्याकडे कसे पाहतील? तिने ती सवय कुठे लपवली असेल? एकाच तोंडातून निघणारे दोन फुगे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, हे चित्रकथेतच शक्य आहे. पहिल्या पानावर असे दोन फुगे दिसले की वाचक ॲलिसला ओळखतो, मग झगा कोणत्याही रंगाचा असो. ज्या मुलीला पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली गेली ती खरी ॲलिस लिडेल मात्र या विचारात मिसळू नका. तिचे आयुष्य वेगळे आणि दुःखाचे होते, पहिल्या महायुद्धात तिचे दोन मुलगे गेले. टेनिएल यांच्या चित्रातली ॲलिस तिच्यासारखी दिसतही नाही.

तिघींत मला सर्वांत भरीव वाटते ती डोरोथी, म्हणून तिच्यावर जरा थांबते. बाम यांच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांत एम मावशीचे वर्णन आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या माळावर ती आली तेव्हा तरुण आणि सुंदर होती. ऊन आणि वारा यांनी डोळ्यांतली चमक नेली, गालांवरचा आणि ओठांवरचा लाल रंग नेला आणि सगळे राखाडी करून ठेवले. अनाथ डोरोथी पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्या मुलीच्या हसण्याने मावशी दचकून छातीवर हात ठेवत असे. हे वाचताना लक्षात घ्या, की कॅन्ससमध्येच राहून मोठी झालेली डोरोथी कशी दिसेल हे लेखकाने आधीच लिहून ठेवले आहे. तिच्यासमोर रोज एम मावशी आहे. पुढच्या पुस्तकांत बाम तिला कायमची ओझ या जादूच्या देशात नेतात आणि तिथे कोणाचे वय वाढत नाही असेही सांगतात. म्हणून आपल्याला आधी ठरवावे लागेल की आपली डोरोथी पहिल्या पुस्तकानंतर घरीच राहिली.

आता हिशेब करा. १९०० मध्ये ती आठ वर्षांची धरली, तर १९३५ मध्ये ती त्रेचाळीस वर्षांची होते. अमेरिकेच्या माळरानावर तो धुळीच्या वादळांचा काळ आहे; १४ एप्रिल १९३५ चा रविवार ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. कॅन्ससच्या घरांत बायका खिडक्यांवर ओल्या चादरी टांगत, फटींत चिंध्या कोंबत आणि जेवण वाढेपर्यंत टेबलावरच्या ताटल्या उपड्या ठेवत. जिला लहानपणी एका वादळाने उचलून रंगांच्या देशात नेले, ती आता अशा वादळात दाराशी उभी आहे जे कुणालाच कुठे नेत नाही, फक्त घरात शिरते. हे मी रचलेले नाही. पुस्तकाचे साल आणि इतिहासाचे साल शेजारी ठेवले तेव्हा ते आपोआप दिसले. आपल्या नायिकेच्या जन्माचे साल ठरवा आणि त्यात चाळीस मिळवा, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते ते याचसाठी. वेशभूषेचा वास तिथेच जातो, कारण तिला त्या सालातले कपडे, त्या सालातली चूल आणि त्या सालातली चिंता मिळते.

अशा पुस्तकांत बिल विलिंगहॅम यांनी लिहिलेली आणि २००२ मध्ये सुरू झालेली ‘फेबल्स’ ही चित्रकथांची मालिका आपण पाहिली असेल, नसल्यास जरूर पाहा. त्यात आपली हिमगौरी न्यू यॉर्कमध्ये लपून राहणाऱ्या कथापात्रांच्या वस्तीची उपमहापौर आहे. टेबलावर फायली, कामाचा ताण आणि कोणाशीही सलगी नाही. शिवाय तिचा घटस्फोट झालेला आहे, आणि तिचा तो राजपुत्र सिंड्रेलाचा आणि निद्रिस्त राजकन्येचाही माजी नवरा आहे. ही कल्पना नुसती चतुर नाही. त्या गोष्टींतल्या राजपुत्रांना स्वतःचे असे नावच नाही, ते एकमेकांच्या जागी ठेवले तरी चालतात, हे मूळ कथांचे नेमके वाचन तिच्यामागे आहे. शिकायचे ते एवढेच. तिथली मांडणी उचलू नका.

वय काढण्याबद्दल आता थोडे. शाईत चेहऱ्यावरची प्रत्येक रेष दहा वर्षे वाढवते, म्हणून चाळिशी दाखवायला सुरुवात चेहऱ्यापासून करू नका. आपल्या बारा पानांत आपण लहान मुलीच्या चेहऱ्याला नाकापासून ओठांपर्यंत दोन रेषा जोडल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. बहुतेकांचे तेच होते, आणि त्यामुळे दमलेली मुलगी दिसते, बाई दिसत नाही. आधी डोक्याचे प्रमाण पाहा. सात वर्षांच्या मुलीची उंची साधारण सहा डोकी असते, प्रौढ स्त्रीची सात ते साडेसात. टेनिएल यांची ॲलिस तर तिच्या वयाच्या मानानेही मोठ्या डोक्याची आहे, म्हणून तिचे डोके सवयीने तसेच ठेवले की बाई कधीच मोठी होत नाही. लहान मुलांचे डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेखाली असतात, मोठ्यांचे जवळजवळ मध्यावर. त्यानंतर मान, खांदे, बोटांची पेरे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बसणे-उठणे. मुलगी धपकन बसते; चाळिशीची बाई आधी एक हात टेकते, मग बसते. तेवढा टेकलेला हात एका चौकटीत काढा, पुरतो. घरातल्या किंवा शेजारच्या त्या वयाच्या कोणाची तरी परवानगी घेऊन त्यांची कामे करतानाची पन्नास-साठ झटपट रेखाटने करा.

अक्षरांविषयी एक व्यावहारिक गोष्ट राहिली. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे फुग्यातल्या दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. मजकूर चित्रानंतर कोंबू नका; पेन्सिलच्या कच्च्या पानावरच अक्षरे लिहून फुग्याचा आकार ठरवा आणि मग शाई लावा. मी हे उशिरा शिकले आणि तोवर कित्येक चांगली चित्रे फुग्यांखाली झाकली गेली.

यापुढचे काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते आपणच ठरवू शकता. वाचक कुमारवयीन की प्रौढ? पुस्तक स्वखर्चाने काढणार की प्रकाशकाकडे जाणार? हाती किती महिने आहेत? पण काहीही असले तरी तिघींना ९६ पानांत बसवण्याचा आग्रह मी सोडायला सांगेन. प्रत्येकीला बत्तीस पाने येतात, त्यांत ओळख पटवण्यातच दहा जातात, आणि मग तिघींची भेट हीच घटना होऊन बसते. एकीला सगळी पाने द्या. इतर दोघी पुढच्या पुस्तकात आल्या तर वाचक त्यांची वाट पाहील.

मला विचाराल तर ती एक डोरोथी असावी. चांदीचे बूट परत येताना वाळवंटावर कुठेतरी पायांतून निसटले आणि ती घराजवळच्या गवतावर नुसत्या मोज्यांनिशी उभी राहिली, असे मूळ पुस्तकात आहे. पस्तीस वर्षांनी तिचे रोजचे साधे बूट कुठे आणि कसे ठेवलेले असतील, एवढ्याच प्रश्नावर एक पान करून पाहा. संवाद नको, फुगा नको. खिडकीवर ओली चादर, टेबलावर उपड्या ताटल्या, दाराशी धूळ शिरू नये म्हणून उपडे ठेवलेले बुटांचे जोड, आणि त्यांच्याकडे पाठ करून फटीत चिंधी दाबणारे दोन हात. चेहरा त्या पानावर येऊ देऊ नका. ते पान मित्रांना दाखवा आणि ही कोण, असे विचारा. कोणी ओळखले नाही तर पान पुन्हा करा, आणि कोणीतरी ओळखेपर्यंत तेराव्या पानाला हात लावू नका.